चोच दिसली, आता हात लावू का?

प्रश्न:

मावशी, नमस्कार. मी सांगोला तालुक्यातली. घरी पंधरा-वीस गावरान कोंबड्या आहेत. आजवर खुडूक कोंबडीखालीच पिल्लं काढायचो. यंदा अंडी उबवायचं पंख्याचं छोटं मशीन घेतलं आणि ऐन एप्रिलात पहिल्या खेपेला २८ अंडी ठेवली. सातव्या दिवशी टॉर्च लावून पाहिली, ४ भाकड निघाली, ती काढली. उरलेल्या २४ मधून १८ पिल्लं आपणहून आली. ३ अंडी फुटलीच नाहीत, ती उकिरड्यावर टाकली. राहिलेल्या तिघांचं मात्र मनातून जात नाही.

पहिल्याने विसाव्या दिवशी संध्याकाळी टोच मारली. सकाळपर्यंत भोक तेवढंच. ह्यांनी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला, म्हणाले, सोल, नाहीतर गुदमरेल. मी सोललं. रक्त आलं आणि दुपारी पिल्लू गेलं. दुसऱ्याने एकविसाव्या दिवशी पहाटे टोच मारली. धास्तीने मी त्याला हातच लावला नाही, फक्त वाळलेली पिल्लं काढायला झाकण उघडत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा आवाज बंद झाला. तिसऱ्याने एकविसाव्या दिवशी दुपारी निमुळत्या टोकाकडून चोच काढली. आजेसासूबाई म्हणाल्या, "कोंबडी कधी सोलून देती का? ज्याचं आयुष्य असंल ते येईल." पण बाविसाव्या रात्री माझा सहा वर्षांचा मुलगा रडायला लागला, म्हणून मी थोडं थोडं सोललं. ते जगलं. आता अंगणात फिरतंय.

सोललं ते मेलं, नाही सोललं ते मेलं, आणि पुन्हा सोललं ते जगलं. ह्यात नियम काय धरायचा? दुसरी खेप ठेवली आहे. आज आठवा दिवस.

उत्तर:

पोरी,

तू प्रत्येक अंड्याची वेळ लिहिलीस हे फार बरं केलंस. उत्तर त्या वेळांतच आहे. पहिल्याला तू साधारण बारा तासांनी हात घातलास, तिसऱ्याला तीस तासांनंतर. दुसरं छत्तीस तास तसंच राहिलं आणि त्यातले बरेचसे तास ते कोरड्या हवेत होतं. तिन्ही अंड्यांना नियम एकच लागू होता. तो कवचाच्या आत चालू असतो म्हणून आपल्याला दिसत नाही.

अंड्यात असताना पिल्लू नाकाने श्वास घेत नाही. कवचाच्या आतल्या पापुद्र्याला लागून रक्तवाहिन्यांचं जाळं पसरलेलं असतं. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात, त्यांतून आलेली हवा हे जाळं रक्तात घेतं. शेवटच्या दोन-तीन दिवसांत पिल्लू एवढं वाढतं की ती हवा पुरत नाही. त्या घुसमटीनेच त्याच्या मानेचा स्नायू झटके द्यायला लागतो आणि चोच आधी रुंद टोकाकडच्या हवेच्या पोकळीत शिरते. तिथे ते आयुष्यातला पहिला श्वास घेतं. अंडं कानाशी धरलं तर चिवचिव ऐकू येते ती तेव्हापासून. बाहेरून मात्र कवच अजून अख्खं असतं. त्या पोकळीतली हवाही थोडीच, म्हणून काही तासांनी ते कवचाला टोच मारतं. आपल्याला वाटतं, निघालं आता बाहेर! प्रत्यक्षात त्याने फक्त श्वासाची सोय केलेली असते. त्यानंतर ते थांबतं, आणि ह्या थांबण्यालाच आपण अडकणं समजतो.

त्या थांबलेल्या तासांत दोन कामं चालू असतात. पापुद्र्यावरच्या जाळ्यातलं रक्त हळूहळू पिल्लाच्या अंगात परत जातं. आणि उरलेला पिवळा बलक बेंबीतून पोटात ओढला जातो. हा बलक म्हणजे त्याची पुढच्या दोन-तीन दिवसांची शिदोरी. दोन्ही कामं व्हायला बाहेरच्या टोचेपासून बारा तास लागू शकतात, चोवीसही लागू शकतात. ती झाली की पिल्लू आपणच गोल फिरत कवचाची टोपी कापतं. ह्या शेवटच्या कापणीला कधी अर्धा तास पुरतो, कधी दोन-तीन तास लागतात.

तुझ्या पहिल्या पिल्लाचं जाळं अजून चालू होतं. तू पापुद्रा सोललास तेव्हा त्याच्या वाहत्या शिरा तुटल्या. एवढ्याशा जिवाच्या अख्ख्या अंगात चहाच्या चमच्याभराहून कमी रक्त असतं, त्यातलं थोडं गेलं तरी ते तग धरत नाही. व्हिडिओ खोटा होता असं मी म्हणत नाही. पण त्यातल्या पिल्लाचा कितवा तास चालू होता हे पाहणाऱ्याला कळत नाही, आणि तोच तर सगळा प्रश्न आहे.

दुसऱ्याचं वेगळं. त्याला वेळ मिळाला, पण ओलावा मिळाला नाही. सांगोल्याची एप्रिलची हवा कशी असते ते तुला मी काय सांगायचं. दोरीवरचं धुणं तासाभरात वाळून खडखडीत होतं. झाकण उघडलं की मशीनमधली दमट हवा एका झटक्यात बाहेर जाते आणि ही हवा आत शिरते. ज्याने कवच अजून फोडलं नाही त्याला फार फरक पडत नाही. पण ज्याने टोच मारली आहे त्याचा पापुद्रा त्या भोकातून वाळायला लागतो. आधी पांढरा, मऊ, ओलसर असतो, मग पिवळट होतो, मग वाळल्या चामड्यासारखा घट्ट होऊन पिल्लाला आवळतो. पिल्लाला मान हलवता येत नाही, गोल फिरता येत नाही. तुझं ते पिल्लू कमजोर नव्हतं. ते गुंडाळलं गेलं होतं. त्याला मदत हवी होती आणि ती अठराव्या-विसाव्या तासाला दिली असती तरी चाललं असतं, कारण पापुद्रा पिवळा पडून वाळलेला दिसला की चोवीस तास पुरे होण्याची वाट पाहायची नसते.

तिसऱ्याला तू अगदी योग्य वेळी हात लावलास. रडणाऱ्या मुलामुळे का होईना, तू रात्रीपर्यंत थांबलीस, मग घाई न करता थोडं थोडं सोललंस. निमुळत्या टोकाकडे हवेची पोकळी नसते, आणि तिकडच्या शिरा रिकाम्या व्हायला बहुधा उशीर लागतो. म्हणून अशा पिल्लाला हात लावायची घाई सगळ्यांत घातक. अशी कित्येक पिल्लं आपणहूनही येतात.

आता आजेसासूबाईंचं. त्या म्हणतात ते खरं आहे, कोंबडी सोलून देत नाही. मी आयुष्यात शेकडो रवणं, म्हणजे अंड्यांवर बसलेल्या कोंबड्या, पाहिली, एकाही कोंबडीने कवच काढून दिलेलं पाहिलं नाही. ती शेवटचे दोन-तीन दिवस खुराड्यातून जवळजवळ उठत नाही, पोटाखाली अंड्यांशी घशातल्या घशात बोलत राहते, आतली पिल्लं तिला उत्तर देतात. बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी ती निघालेली पिल्लं घेऊन उठते आणि राहिलेली अंडी सोडून देते. पण कोंबडीखाली झाकण उघडत नाही. तिच्या पोटाची ऊब आणि अंगाचा दमटपणा तासातासाला बदलत नाही, लाइट जात नाही, थर्मामीटर एक डिग्री खोटं बोलत नाही. तिच्याखाली राहिलेलं पिल्लू बहुतेक वेळा खरंच अधू असतं. मशीनमध्ये राहिलेलं पिल्लू पुष्कळदा आपल्या चुकीने राहिलेलं असतं. आजेसासूबाईंचा नियम कोंबडीच्या रवणाला चोख लागू पडतो, तो तिथे पाळ. मशीनमध्ये आपण पिल्लाला ज्या अडचणीत घातलं तीतून त्याला काढणं आपल्यावरच येतं. त्यांना हे असंच सांगून बघ. जिने इतकी वर्षं कोंबड्या पाळल्या तिला मशीनचं सगळं दाखवलं तर ती तुझ्याहून लवकर ओळखेल की हवा कोरडी झाली आहे.

माझी पहिली मशीनची खेप चिपळूणजवळची, आणि श्रावणातली. हातात आलेल्या कागदावर लिहिलं होतं, पाण्याचं ताट भरलेलं ठेवा, म्हणून मी एकवीस दिवस भरलेलं ठेवलं. बाहेर पाऊस, भिंतींना ओल, आणि मशीनमध्येही पाणी. अंड्यातलं पाणी उडायलाच जागा राहिली नाही. एकविसाव्या दिवशी पिल्लं टोच मारून थांबली. बाहेर काढली तर सुजलेली, चिकट, अंगाला खळ लावल्यासारखी. मी रात्रभर एकेक सोलत बसले. अकरा पिल्लं काढली, सकाळी त्यांतली दोन जिवंत होती. तेव्हा मला वाटलं होतं की माझा हात चुकला. पुढे कळलं की चूक पहिल्या अठरा दिवसांत झाली होती. त्या रात्री मी कितीही हळू सोललं असतं तरी फार काही वाचलं नसतं. हे तुला एवढ्यासाठी सांगते की तुझा आज आठवाच दिवस आहे. एकविसाव्या रात्री सोलावं की नाही ह्याचं निम्मं उत्तर तुला आत्ता, ह्या आठवड्यात देता येईल.

पहिलं म्हणजे मशीनच्या आकड्यावर आंधळा विश्वास ठेवू नकोस. पंख्याच्या मशीनला ३७.५ अंश लागतात. घरात ताप मोजायचं थर्मामीटर असेल तर ते स्वच्छ पुसून अंड्यांच्या उंचीवर ठेव, थोड्या वेळाने मशीनच्या आकड्याशी ताडून बघ. अंडं थोडं गार राहिलं तर पिल्लं उशिरा येतात. जास्त तापलं तर लवकर येतात, बेंबी नीट मिटलेली नसते, आणि एक-दोन डिग्री जास्त बरेच तास राहिली तर आतच मरतात. तुमच्याकडे उन्हाळ्यात गारव्यापेक्षा तापण्याचीच भीती. मशीन पत्र्याखाली, खिडकीच्या उन्हात असेल तर आजच हलव. लाइट गेली तर झाकण उघडून बघत बसू नकोस. अंड्यांत ऊब बराच वेळ टिकते. थंडीच्या दिवसांत वर गोधडी टाकावी लागते, पण शेवटच्या तीन दिवसांत हवेची भोकं मोकळी ठेवूनच.

ओलावा मोजणारं छोटं यंत्र बाजारात मिळतं आणि ते हमखास थोडं चुकीचं असतं. ते तपासायला मीठ पुरतं. बाटलीच्या बुचात मीठ घे, चमच्याने थोडं पाणी टाकून ते ओलसर कर, विरघळू देऊ नकोस. ते बूच आणि यंत्र एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत रात्रभर ठेव. सकाळी यंत्राने ७५ टक्के दाखवायला हवं. ६९ दाखवलं तर तुझं यंत्र सहाने कमी बोलतं, तेवढं मनात धरून चाल. पहिले अठरा दिवस ५० टक्क्यांच्या आसपास, आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. पाणी किती खोल आहे ह्याला महत्त्व नाही, ते किती पसरलेलं आहे ह्याला आहे. पेलाभर पाण्यापेक्षा पसरट ताटलीतलं बोटभर पाणी जास्त ओलावा देतं. ताटलीत सुती फडकं अर्धं बुडवून ठेवलं तर आणखी.

ह्याहूनही खरं सांगतं ते वजन. अंडं अठराव्या दिवसापर्यंत साधारण १२ ते १३ टक्के हलकं व्हायला हवं, म्हणजे गावरान कोंबडीचं ४० ग्रॅमचं अंडं सुमारे ५ ग्रॅमने. तू ठेवताना वजन केलं नसशील, काही हरकत नाही. आज सगळ्या अंड्यांचं एकत्र वजन कर, पुन्हा बाराव्या दिवशी कर. चार दिवसांत साधारण ३ टक्के उतरायला हवं. फारच कमी उतरलं तर पाणी काढ, फारच उतरलं तर वाढव. गावात कोणाकडे दूध-लोणी मोजायचा छोटा डिजिटल काटा असेलच.

अठराव्या दिवशी शेवटचं टॉर्चने बघ आणि हवेची पोकळी जिथे संपते तिथे कवचावर शिसपेन्सिलीने रेघ ओढ, सगळीकडून. ही रेघ तुला पुढे फार उपयोगी पडणार आहे. अंडी फिरवणं त्या दिवसापासून बंद. पाणी वाढव. खाली जाळीवर खरबरीत सुती कापड किंवा रबरी जाळी अंथर. गुळगुळीत कागदावर उतरलेल्या पिल्लांचे पाय फाकतात, आणि मग तो वेगळाच उद्योग होऊन बसतो. मग झाकण बंद. बाहेरून पाणी घालता येईल अशी बारीक नळी आधीच आत सोडून ठेव, आणि पाणी कोमटच घाल.

आणि वाळलेली पिल्लं काढायची घाई सोड. मी मघाशी शिदोरी म्हटलं ते इथे कामाला येतं. बाहेर आलेलं पिल्लू दिवसभर मशीनमध्ये दाणापाण्याशिवाय आरामात राहतं. उबवणी केंद्रांतून एक दिवसाची पिल्लं खोक्यांतून दूरदूरच्या गावांना जातात ती ह्याच बलकावर. त्यांची धडपड, चिवचिव, अंड्यांना धक्के देणं हे सगळं आत राहिलेल्यांना बरंच असतं. ते आवाज ऐकून तीही हालचाल करतात. काढायचीच झाली तर दिवसातून एकदा, एकदम सगळी, आणि त्या क्षणी कोणाचीही चोच नुसती दिसत असेल तर मुळीच नाही.

आता प्रत्यक्ष हात लावायचं. कधी लावू नये ते आधी. एकविसावा दिवस संपला आणि अंडं गप्प आहे, टोच नाही, आवाज नाही: थांब, तेविसाव्या दिवसापर्यंत थांब. टोच मारून बारा-पंधरा तास झाले, पापुद्रा पांढरा आणि ओलसर आहे, पिल्लू मधूनमधून आवाज देतं, चोच हलते: थांब. चघळल्यासारखी चोच उघडमीट करत असेल तर माझ्या अनुभवात ते अजून तयार नसतं.

लावायचा तो अशा वेळी. टोचेला चोवीस तास होऊन गेले, बाकीची खेप बाहेर आली, आणि भोक होतं तेवढंच आहे. किंवा कडेने कापायला लागलं, पाव-अर्धी टोपी कापली, आणि मग दोन तासांत एक कपचीही निघाली नाही. कापणी सुरू झाली म्हणजे रक्त बहुधा परत गेलेलं असतं, तेव्हा इथे फार थांबू नये. किंवा पापुद्रा पिवळा-तपकिरी होऊन वाळला आहे. आणि चौथी वेळ जरा अवघड: आतून चिवचिव चोवीस तासांपासून स्पष्ट येते आहे, पण बाहेर टोचच नाही. अशा वेळी रुंद टोकाला, पेन्सिलीच्या रेघेच्या बरंच वर, उकळून घेतलेल्या जाड सुईचं टोक हळूहळू फिरवत टाचणीच्या डोक्याएवढं भोक पाडायचं. फक्त कवचाला, खाली खोल नाही. त्यातून हवा जाते आणि पिल्लाला आणखी एक दिवसाचा श्वास मिळतो. नंतर ते काय करतं ते पाहायचं.

ज्या दिवशी सोलायचं ठरेल त्या दिवशी न्हाणीत गरम पाण्याची बादली ठेव, दार लाव, भिंतींवर वाफ धरू दे. तिथे बसून काम केलं तर पापुद्रा हातातल्या हातात वाळत नाही. हात साबणाने धू, नखं काप. एक बारीक चिमटा उकळून घे. उकळून कोमट केलेलं पाणी वाटीत, आणि कान साफ करायच्या कापसाच्या काड्या. पाणी मनगटावर टाकून बघ, गरमही वाटू नये, गारही.

आधी काहीही सोलू नकोस. काडी ओली करून पापुद्रा भिजव. नाकपुड्यांपासून दूर राहा. चोचीच्या बुडाशी त्या दोन बारीक छिद्रं असतात, तिथे पाण्याचा थेंब गेला तरी पिल्लू बुडतं. ओला झाला की पापुद्रा काचेसारखा पारदर्शक होतो, आणि मग तुला आतलं दिसतं. लाल, दोऱ्यासारख्या भरलेल्या शिरा दिसल्या तर काम तिथेच थांबव. अंडं मशीनमध्ये परत ठेव, चार-सहा तासांनी पुन्हा बघ. शिरा फिकट, रिकाम्या, भुऱ्या रेषांसारख्या दिसल्या तर पुढे जा.

टोचेपासून सुरुवात करून कवचाचे तुकडे मुगाच्या डाळीएवढे काढ, आणि पेन्सिलीच्या रेघेच्या वरच राहा. त्या रेघेच्या वर हवा आहे, खाली जीव. कवच काढताना पापुद्रा तसाच राहू दे, मग भिजवून तो चोचीभोवतून बाजूला सार. दहा मिनिटं काम झालं की मशीनमध्ये परत, तासभर विश्रांती, मग पुन्हा. एका बैठकीत संपवायचा हट्ट धरू नकोस. मधल्या विश्रांतीत उघड्या पापुद्र्यावर खोबरेल तेलाचा बोट टेकवल्याइतका हात फिरवला तर तो वाळत नाही. तेलही नाकपुडीला लागू द्यायचं नाही. कुठे लाल ठिपका उमटला तर कोरड्या स्वच्छ कापसाने अलगद दाबून धर आणि त्या वेळेपुरतं सोड. हळदीची चिमूट टाकायची आपल्या हाताला सवय असते, इथे नको, पूड नाकात जाते.

निमुळत्या टोकाच्या अंड्याला ही रेघ उपयोगाची नाही. तिथे चोचीभोवती श्वासापुरतं मोकळं कर, आणि मग वाटच पाहा. तुझं तिसरं पिल्लू असंच आलं.

डोकं आणि मान मोकळी झाली की तुझं काम संपलं. खालचं अर्धं कवच त्याच्या अंगावर राहू दे आणि ते मशीनमध्ये ठेव. पाय मारून ते स्वतः बाहेर येईल, आणि त्या पाय मारण्याच्या वेळात बलकाचा उरलासुरला भाग आत जाईल. आपण पूर्ण बाहेर काढलं की कधी कधी पोटाखाली पिवळी गाठ लोंबताना दिसते. ती कापायची नाही, ओढायची नाही, नाळही तोडायची नाही. एका वाटीत ओलं स्वच्छ फडकं घालून पिल्लू त्यात बसव आणि वाटीसकट मशीनमध्ये ठेव, म्हणजे इतर पिल्लं टोचणार नाहीत. दिवसभरात गाठ आत गेली तर ठीक. बेंबी मिटून वाळली की तिथे पोव्हिडोन आयोडीनचा, म्हणजे जखमेला लावायच्या औषधाचा, एक थेंब टेकव.

काही वेळा हे सगळं बरोबर करूनही पिल्लू जाणार. मान मोकळी झाल्यावर दोन श्वास घेऊन गेलेली पिल्लं मी हातात धरली आहेत. अशा वेळी मुलापासून लपवू नकोस. त्याने तिसऱ्या पिल्लासाठी रडून तुला उठवलं, एवढं समजणाऱ्या पोराला मेलेलं पिल्लूही समजेल.

राहिलेली न फुटलेली तीन अंडी तू उकिरड्यावर टाकलीस. पुढच्या खेपेला तसं करू नकोस. तेविसाव्या दिवसानंतर, टॉर्च लावून आत काहीच हालत नाही ह्याची खात्री करून, ती घराबाहेर लांब नेऊन फोड. वास येईल, तोंडाला फडकं बांध, नंतर हात साबणाने धू. पूर्ण वाढलेलं पिल्लू पाण्यात डबडबलेलं असेल तर ओलावा जास्त झाला. कोरडं, पापुद्र्यात आवळलेलं असेल तर कमी झाला. डोकं निमुळत्या टोकाला असेल तर अंडी ठेवताना निमुळतं टोक वर आलं होतं का ते आठवून बघ. आठवड्याभराएवढाच गर्भ असेल तर पहिल्या दिवसांतली लाइट किंवा उष्णता तपासायला हवी. ही पाच मिनिटांची पाहणी मला चिपळूणच्या त्या रात्रीनंतर सुचली असती तर पुढच्या दोन खेपा वाचल्या असत्या.

आणि मुलाला एक वही दे. अठराव्या दिवसापासून मशीनजवळ त्याची पाळी. झाकणाला हात लावायचा नाही, काचेतून बघायचं. ज्या अंड्याला टोच दिसेल त्याचा नंबर आणि घड्याळातली वेळ लिहायची. अंड्यांवर नंबर तू आजच पेन्सिलीने घाल, पेनने नको. त्याला घड्याळ अजून नीट वाचता येत नसेल तर आजेसासूबाईंना शेजारी बसव.